चहाची वाट बघणारा चेहरा

गेल्या गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये आपण जी अकरा मिनिटांची फिल्म पाहिली, ती मी केली होती. खान्देशातून इकडे आलेल्या पहिल्या पिढीच्या आठवणी, असा विषय. सात-आठ घरांत जाऊन मोबाइलवर शूटिंग केलं, रात्री जागून लॅपटॉपवर जोडलं आणि पाचव्या दिवशी आरतीनंतर दाखवलं. टाळ्या पडल्या. दोन-तीन काकूंनी डोळे पुसले. माझ्या वडिलांचा, म्हणजे आप्पांचा, चेहरा पडद्यावर आला तेव्हा तर हॉलमध्ये एकदम शांतता झाली. मी मागे प्रोजेक्टरजवळ उभा होतो. खरं सांगतो, कॉलेजात बीईचा रिझल्ट लागला तेव्हाही इतकं भारी वाटलं नव्हतं.

घरी येताना आप्पा कडोदरा चार रस्त्यापर्यंत काही बोलले नाहीत. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "तो वाड्याचा फोटो कुठून आणलास?"

मी म्हटलं, मागच्या उन्हाळ्यात गावी गेलो होतो तेव्हा काढलेला.

"आणि त्याच्यानंतर माझं तोंड का लावलंस?"

फिल्ममधला तो भाग असा होता. आधी गावातला सावकाराचा वाडा, बंद दरवाजा, त्यावर गंजलेलं कुलूप. मग आप्पांचा चेहरा, तब्बल नऊ सेकंद, एक शब्द नाही, नजर कुठेतरी लांब. मग मिलचं धुराडं. निवेदनात एक अक्षर नव्हतं, तरी हॉलमधल्या प्रत्येकाला गोष्ट कळली होती. सावकाराने जमीन गिळली, माणूस उद्ध्वस्त झाला, सुरतेच्या मिलमध्ये आला.

"मी ते चहानी वाट दखी ऱ्हायंतू," आप्पा म्हणाले. चिडले की ते अहिराणीवर येतात.

खरंच तसं होतं. मी कॅमेरा चालू ठेवला होता, आई आत चहा करत होती आणि आप्पा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. मला तो चेहरा आवडला म्हणून मी उचलून वाड्याच्या पुढे चिकटवला. खोटा एकही शॉट नव्हता. खोटा होता तो जोड.

त्या रात्री झोप आली नाही. मी जे केलं त्याला काही नाव आहे का, म्हणून शोधत बसलो आणि शंभर वर्षं मागे जाऊन पोचलो.

रशियात क्रांती झाल्यानंतरची वर्षं. फिल्मचा कच्चा माल मिळेना. लेव्ह कुलेशोव नावाचा तरुण दिग्दर्शक आपल्या विद्यार्थ्यांना जुन्याच फिल्मा कापून-जोडून शिकवत होता. त्याने मोझुखिन या नावाजलेल्या नटाच्या चेहऱ्याचा एक शांत शॉट घेतला आणि तोच शॉट तीन ठिकाणी लावला. एकदा सुपाच्या वाडग्यासोबत, एकदा शवपेटीतल्या बाईसोबत, एकदा खेळणाऱ्या लहान मुलीसोबत. त्याचा शिष्य पुदोवकिन याने लिहून ठेवलंय की प्रेक्षक नटाच्या अभिनयावर खूश झाले. भूक काय दाखवली, दुःख काय दाखवलं, माया काय दाखवली! चेहरा तोच होता, त्यात काहीच नव्हतं. भाव प्रेक्षकांनी आपल्या पदरचे घातले होते. याला आज कुलेशोव परिणाम म्हणतात. माझ्या आप्पांवर मी नेमका हाच प्रयोग केला होता, तोही त्यांना न विचारता.

या मंडळींनी अशा जोडण्याला फ्रेंचमधला शब्द वापरला, मोंताज. मूळ अर्थ साधा आहे, सुटे भाग जोडून यंत्र उभं करणं. आमच्या इंजिनिअरिंगच्या वर्कशॉपमधला शब्द वाटावा असा. आणि या मंडळींतला सगळ्यात मोठा जो सर्गेई आयझेनस्टाइन, तो खरोखरच इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता! पेत्रोग्रादला सिव्हिल इंजिनिअरिंग शिकत होता. ते अर्धवट सोडून 1918 साली लाल सेनेत गेला, तिथून नाटकात आणि नाटकातून सिनेमात. 'बॅटलशिप पोटेमकिन' केला तेव्हा त्याचं वय 27 होतं. माझ्या 27व्या वर्षी मी बंगळुरूला एका कंपनीत दुसऱ्याच्या कोडमधल्या चुका शोधत होतो. असो.

'पोटेमकिन' आपल्या घरातल्या कॉलेजच्या मुलांनी जरूर पाहावा. सव्वा तासाचा मूकपट आहे, म्हणजे एखाद्या वेब सीरिजच्या दीड भागाएवढा. 1905 सालचं खरं बंड. युद्धनौकेवर खलाशांना अळ्या पडलेलं मांस खायला घालतात, खलाशी नाकारतात, अधिकारी त्यांना गोळ्या घालायचा हुकूम देतो आणि ठिणगी पडते. मग ओडेसा शहरातला तो प्रसिद्ध जिना. वरून सैनिकांची रांग एका लयीत खाली येते, लोक सैरावैरा पळतात, मेलेल्या पोराला हातांवर घेऊन एक आई उलट वर चढते, दुसरी आई गोळी लागून पडते आणि तिच्या बाळाची गाडी एकटीच पायऱ्यांवरून गडगडत सुटते. मी हा भाग पॉज करत करत पाहिला, कोड डीबग करावं तसा. तेव्हा लक्षात आलं की पळत जिना उतरायला माणसाला जेवढा वेळ लागेल त्याच्या कितीतरी पट वेळ हा प्रसंग चालतो. तीच पावलं, त्याच बंदुका, तेच चेहरे वेगवेगळ्या कोनांतून परत परत येतात. जिना संपतच नाही. भीतीत वेळ असाच ताणला जातो, हे आपल्याला माहीत असतं, पण कापून-जोडून तो ताणता येतो हे या माणसाने दाखवलं.

त्याच्याच पुढे तीन दगडी सिंह येतात. एक झोपलेला, एक जागा झालेला, एक उठून बसलेला. क्रिमियातल्या एका महालाच्या पायऱ्यांवरचे हे तीन वेगळे पुतळे. एकापाठोपाठ झटपट दाखवले की एकच सिंह खवळून उठल्यासारखा वाटतो. दगडही उठला, असं सांगायला एक शब्द लागत नाही.

आयझेनस्टाइनने पुढे सांगितलेली एक आठवण मला फार आवडते. 21 डिसेंबर 1925 ला मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरात पहिला खेळ होता. सिनेमा सुरू झाल्यावर त्याला आठवलं की शेवटच्या रिळातले तुकडे घाईत सोल्यूशनने चिकटवायचे राहिलेत, नुसते थुंकी लावून धरलेत. तो बाहेर येरझाऱ्या घालत होता आणि आत रीळ सरकत होतं. तुकडे टिकले. रात्री अकराला प्रॉडक्शनवर कोड टाकून देवाचं नाव घेणाऱ्या प्रत्येक इंजिनिअरला हा माणूस आपला वाटेल.

आता मोंताज म्हणजे नक्की काय, यावर त्यांच्यातच भांडण होतं. पुदोवकिनचं म्हणणं, शॉट म्हणजे विटा, एकावर एक रचत जायच्या. आयझेनस्टाइन म्हणे, छे, शॉट एकमेकांवर आदळले पाहिजेत, त्या टकरीतून तिसरंच काही निघालं पाहिजे. तो जपानी लिपी शिकला होता आणि तिथलं उदाहरण द्यायचा. डोळ्याचं चिन्ह आणि पाण्याचं चिन्ह एकत्र आलं की अर्थ होतो रडणं. आपल्याला एवढं लांब जायची गरज नाही. शाळेतले समास आठवा. 'आईवडील' हा द्वंद्व, आई आणि वडील, दोघं शेजारी उभे. ही पुदोवकिनची वीट. पण 'लंबोदर' म्हटलं की ना लांब, ना उदर, तिसराच कोणीतरी समोर येऊन बसतो, तो गणपती! बहुव्रीहि. आयझेनस्टाइनचा मोंताज बहुव्रीहि होता. वाडा अधिक चेहरा बरोबर शोषण, हा माझा समासही तसाच. फक्त विग्रह चुकीचा होता.

आणि एक गोष्ट वाचली तेव्हा मी जरा खुर्चीतच सरकलो. 1905 साली ओडेसात गोळीबार झाला होता, माणसं मेली होती, पण सिनेमात दाखवलंय तसं हत्याकांड त्या जिन्यावर घडलेलं नाही. आज लाखो लोकांच्या डोक्यात तो जिना म्हणजेच इतिहास आहे. आयझेनस्टाइनसारखा बाप माणूस काय, मी काय, दोघांनीही भावना खरी ठेवली आणि जागा बदलली. सिनेमा सत्तेला एवढा धोकादायक वाटला की ब्रिटनमध्ये तो 1954 पर्यंत बंद होता. इकडे आपल्याकडे मात्र कलकत्ता फिल्म सोसायटीने स्वातंत्र्याच्याच वर्षी, 1947 ला, आपला पहिला चित्रपट म्हणून 'पोटेमकिन' दाखवला.

इथपर्यंत वाचून मला वाटलं, हे सगळं तिकडचं. मग 1925 हा आकडा डोक्यात अडकला. त्याच वर्षी आपल्या कोल्हापुरात काय झालं?

कोल्हापुरात बाबूराव मेस्त्री, ज्यांना सगळे बाबूराव पेंटर म्हणतात, त्यांनी 'सावकारी पाश' केला.

बाबूराव मुळात चित्रकार. नाटकांचे पडदे रंगवायचे. चुलतभाऊ आनंदराव यांच्यासोबत सिनेमाच्या नादाला लागले. आनंदराव 1916 साली गेले, तरी बाबूरावांनी नाद सोडला नाही आणि दामल्यांच्या मदतीने कॅमेरा घरचा घरी बनवला. विकत नाही घेतला, बनवला! महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री' 1920 साली पुण्यात लागला आणि टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. त्या काळात बायकांच्या भूमिका पुरुष करायचे, बाबूरावांनी बायकांनाच घेतलं. सगळीकडे पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रपटांचा धडाका चालू होता आणि मध्येच या माणसाने नारायण हरी आपट्यांची कथा घेऊन एका शेतकऱ्याचा सिनेमा काढला. सावकार खोट्या कागदांवर जमीन लाटतो, तरुण शेतकरी गाव सोडतो आणि शहरात येऊन गिरणी कामगार होतो. तो तरुण शेतकरी झाला होता शांताराम वणकुद्रे. पुढे ज्यांना आपण व्ही. शांताराम म्हणून ओळखलं ते.

म्हणजे बघा, एकाच वर्षी एकीकडे आयझेनस्टाइन खलाशांचं बंड कापून-जोडून उभं करत होता आणि एकीकडे बाबूराव पंचगंगेकाठी कर्जात बुडालेला शेतकरी रंगवत होते. एकमेकांना माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. पद्धतही वेगळी असणार. बाबूराव पेंटर होते, त्यांचा जीव उजेड-अंधारात आणि चित्राच्या रचनेत. 1936 साली त्यांनी हीच गोष्ट बोलपट म्हणून परत केली. त्यातला अंधारात बुडालेला झोपडीचा एक लांबून घेतलेला शॉट आणि त्यावर कुत्र्याचं रडणं, एवढंच जे. बी. एच. वाडियांना पुढे कित्येक वर्षं आठवत राहिलं. तिथे कापाकापी नाही. एक झोपडी, एक आवाज, आणि कॅमेरा तिथेच थांबलेला.

मूक 'सावकारी पाश' मात्र आपण पाहू शकत नाही. त्याची प्रिंट उरलेली नाही. आपल्याकडे मूकपटांच्या काळात हजाराहून जास्त चित्रपट झाले, त्यातले बोटावर मोजण्याइतके हाती लागलेत. नायट्रेटची फिल्म चटकन पेट घ्यायची, नाही पेटली तर सडायची, आणि उरलेली त्यातल्या चांदीसाठी विकली जायची. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं 1964 साली. तोवर फार उशीर झाला होता. बॅकअप नसेल तर डेटा नाही, हे आम्ही ज्युनिअर मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगतो. आपल्या सिनेमाला ते कोणी सांगितलंच नाही.

तसं कापण्या-जोडण्याची विद्या आपल्याकडे काही नवी नव्हती. फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची फिल्म केली होती. कॅमेरा एका जागी ठेवून दिवसांमागून दिवस थोडी थोडी फिल्म घ्यायची, मग पडद्यावर बीजाचं रोप डोळ्यांदेखत वाढायचं. त्या काळात फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं ही कामं सरस्वतीबाई फाळके करत होत्या, वर सगळ्या युनिटचा स्वयंपाक. रशियात 'मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा' या 1929 च्या चित्रपटात झिगा व्हर्तोवने आपली बायको एलिझावेता स्विलोवा हिला टेबलाशी बसून फिल्म कापताना-जोडताना पडद्यावरच दाखवलंय. सरस्वतीबाईंना तसं कोणी दाखवलं असतं तर!

क्रांतीचं म्हणाल तर आपल्याकडे कात्री बहुतेक वेळा सरकारच्या हातात होती. 1921 साली कोहिनूर कंपनीने 'भक्त विदुर' काढला. विदुर झालेले द्वारकादास संपत डोक्यावर गांधी टोपी घालून पडद्यावर आले. महाभारतातला विदुर, गांधी टोपीत! हाही बहुव्रीहिच, आणि तो सरकारला बरोबर कळला. मद्रास आणि सिंधमध्ये बंदी आली. 1930 साली शांतारामबापूंनी प्रभातकडून शिवाजीमहाराजांवर 'स्वराज्याचे तोरण' केला, स्वतः महाराजांची भूमिका केली. सेन्सॉरला 'स्वराज्य' शब्द खपला नाही. नाव बदलून 'उदयकाल' करावं लागलं. आमच्या इथून हायवे सोडून पूर्वेला वळलं की अर्ध्या तासात बारडोली येते. तिथे 1928 साली शेतकऱ्यांच्या जमिनी-गुरं सारावाढीपायी जप्त होत होती आणि शेतकरी हटत नव्हते. त्या काळात पडद्यावर जमिनीची गोष्ट सांगणं म्हणजे काय असेल, याचा अंदाज मला त्या रस्त्याने जाताना येतो.

हे सगळं वाचून झाल्यावर एका रविवारी मी आप्पांना 'सावकारी पाश'ची गोष्ट सांगितली. सांगताना मनात होतं की बघा, तुमचीच गोष्ट शंभर वर्षांपूर्वी पडद्यावर आली होती, मग माझं काय चुकलं?

आप्पांनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, "आपल्याकडे खोटे कागद नव्हते."

मला ही हकीकत पहिल्यांदाच कळत होती. आजोबांनी मोठ्या आत्याच्या लग्नासाठी साडेतीन एकर गहाण ठेवलं. सही स्वतः केली, वाचून केली. मग लागोपाठ दोन वर्षं विहीर आटली. व्याज चढत गेलं. सावकाराने मुदत दोनदा वाढवली, तिसऱ्यांदा नाही. जमीन गेली. व्याज जबर होतं, त्यात काही देवपण नव्हतं, आप्पाही तसं म्हणत नाहीत. पण त्याच सावकाराचा एक मेहुणा सुरतेला प्रोसेस मिलमध्ये खात्यावर होता. सावकाराने त्याच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली आणि गाडीभाड्याचे पैसेही दिले. आप्पा ती चिठ्ठी खिशात घालून नंदुरबारला गाडीत बसले आणि उधन्याला उतरले.

"मग तो चांगला होता का वाईट?" मी विचारलं. फारच बालिश प्रश्न होता.

"तो सावकार होता," आप्पा म्हणाले.

आणि मग त्यांनी ते सांगितलं ज्यामुळे त्यांना त्या रात्री सिग्नलला बोलावंसं वाटलं होतं. त्या वाड्यातली नातवंडं आज इकडेच आहेत, आपल्याच मंडळात येतात. त्या दिवशी हॉलमध्ये चौथ्या रांगेत होती. फिल्म संपल्यावर त्यांच्यातला मोठा आप्पांच्या पाया पडला आणि काही न बोलता निघून गेला.

व्हिडिओ तोवर ग्रुपवर फिरला होता. डिलीट करून काही उपयोग नाही, हे माझ्या व्यवसायातल्या माणसाला कोणी सांगायला नको. मी त्या घरी गेलो. माफी मागितली. ते म्हणाले, "अहो, त्यात काय, जुन्या गोष्टी." पण चहा घेताना त्यांच्या आई बाहेर आल्या नाहीत.

मग फिल्म परत कापायला बसलो. या वेळी आप्पांना शेजारी घेतलं. आप्पांनी मिलमध्ये सुरुवातीची चार वर्षं तागे जोडायचं काम केलंय. ग्रे कापडाचे तागे टोकाला टोक लावून मशीनवर शिवायचे, म्हणजे अखंड लांब पट्टा रंगाला जातो. शिवण जराशी तिरकी पडली की तिथून पुढे स्टेंटरमध्ये कापडाला घडी पडते आणि शेकडो मीटर माल वाया. हे त्यांनी टाइमलाइनवर बोट ठेवून मला समजावलं. मला वाटलं होतं मी त्यांना मोंताज शिकवतोय.

एकेक जोड त्यांना दाखवत गेलो. इथे काय वाटतं? इथे? धुराड्याचा शॉट त्यांनी ठेवायला सांगितला, पण त्याच्यानंतर मिलच्या गेटवर पहिल्या पगाराच्या दिवशी काढलेला, चार मित्रांचा हसतानाचा जुना फोटो लावायला लावला. मी म्हटलं, आप्पा, याने दुःख कमी होतं. ते म्हणाले, "तेव्हा कमीच झालं होतं."

वाडा ठेवायचा की काढायचा यावर दोन दिवस गेले. मी काढायला तयार होतो. आप्पा नाही म्हणाले. वाडा आहे, तो दिसला पाहिजे, पण तिथे तू बोल. आता वाड्याच्या शॉटवर माझा आवाज आहे, गहाणखत, आत्याचं लग्न, विहीर, चिठ्ठी, सगळं. चाळीस सेकंद. आयझेनस्टाइनला हे अजिबात आवडलं नसतं, जोडातून निघणारा अर्थ शब्दांनी सांगणं म्हणजे त्याच्या लेखी हरणं. त्या घरी आधी नेऊन दाखवलं. मोठ्यांनी चिठ्ठी लिहिण्याच्या वाक्याला मान हलवली. त्यांच्या आईंनी विचारलं, व्याजाचा दर का नाही सांगितला? शेकडा पाच, महिन्याला. तोही घातला.

राहिला आप्पांचा चेहरा. मूळ शूटिंग उघडलं तर तो शॉट नऊ सेकंदांचा नव्हताच, एक मिनिटाच्या वर होता. मी बाकीचा कापून टाकला होता. आता तो पूर्ण ठेवलाय, न कापता. आप्पा लांब कुठेतरी बघताहेत, बराच वेळ बघताहेत, भांड्याचा आवाज येतो, उजवीकडून आईचा हात येतो, त्यात कपबशी. आप्पा बशीत चहा ओततात, फुंकर मारतात आणि कॅमेऱ्याकडे बघून विचारतात, "बंद केला का रे?"

कोजागिरीला ही नवी फिल्म हॉलमध्ये दाखवणार आहोत. त्याआधी 'पोटेमकिन'मधला जिन्याचा भाग लावू, सात-एक मिनिटांचा आहे. लहान मुलांना दूध प्यायला तेवढा वेळ बाहेर न्या, बाळाची गाडी पाहून घाबरतात.